मालिकेतला चेहरा बघून नाटकाला निघालात? आधी प्रयोग निवडा

सिनेमाचं तिकीट काढताना वेळ आणि अंतर बघितलं की काम झालं. दादरला पाहिला काय आणि नांदेडला पाहिला काय, शॉट तोच आणि संकलनही तेच. नाटकाचं तसं नाही. त्याच नटसंचाचं तेच नाटक शनिवारी रात्री एका गावात उभं राहतं आणि रविवारी दुपारी दुसऱ्या गावात आडवं होतं. म्हणून पडद्यावर आवडलेला नट रंगमंचावर बघायला जायचं असेल, तर कुठलं नाटक यापेक्षा कुठला प्रयोग हा प्रश्न मोठा. कितवा प्रयोग, कुठलं नाट्यगृह, दिवसातली कुठली वेळ आणि तुमची खुर्ची कुठली, हे आधी बघा. नटाचं नाव त्यानंतर.

जाहिरात

मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती अजूनही सगळ्यात भरवशाच्या, फक्त त्या वाचता यायला हव्यात. फोटो ज्याचा मोठा त्याची भूमिका मोठी असेलच असं नाही. नावाआधी ‘विशेष भूमिकेत’ किंवा ‘पाहुणा कलाकार’ असेल तर तो नट एखाद्या प्रवेशापुरता येऊन जाऊ शकतो. ‘आवाज’ असं छापलेलं असेल तर तो थिएटरात येणारच नाही, त्याचं ध्वनिमुद्रण वाजेल. हे न वाचता गेलेली माणसं मध्यंतरात व्यवस्थापकाशी वाद घालताना दिसतात.

त्यानंतर लेखक आणि दिग्दर्शक बघा, मग नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत. ही नावं बारीक टाइपात असतात, पण दोन-चार नाटकं बघून झाली की नट कोण यापेक्षा दिग्दर्शक कोण यावरून अंदाज जास्त बरोबर येतो. ‘सूत्रधार’ म्हणून छापलेलं नाव रंगमंचावरच्या सूत्रधाराचं नसतं. दौरे, तारखा, नाट्यगृहं ही सगळी जुळवाजुळव करणाऱ्या माणसाचं ते असतं.

तिसरी गोष्ट कलाकार बदलाची. मालिकेचं चित्रीकरण, सिनेमाचं शेड्यूल किंवा आजारपण यांमुळे भूमिका दुसऱ्याकडे जाते, काही नाटकांत एकाच भूमिकेसाठी दोन नट आलटून पालटून उभे असतात. जुना फलक आणि ऑनलाइन पानावरचा जुना फोटो दोन्ही फसवतात. तारखेसह छापलेली ताजी जाहिरात बघा, नाहीतर नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर फोन करून सरळ विचारा की त्या तारखेला अमुक भूमिका कोण करतंय. एकदा तिकीट काढलं की नट बदलला म्हणून पैसे परत मिळतील या भ्रमात राहू नका. पैसे परत मिळतात ते प्रयोग रद्द झाल्यावर.

कितवा प्रयोग?

शुभारंभाला वातावरण झकास असतं, प्रयोग बहुतेक वेळा कच्चा असतो. दिव्यांचे बदल अर्धा सेकंद उशिरा येतात. नट वाक्य विसरत नाहीत, पण वाक्याच्या मागचा विचार विसरतात. हशा कुठे येणार ते अजून कळलेलं नसतं, त्यामुळे लोक हसत असतानाच पुढचं वाक्य बोललं जातं आणि वाया जातं. लांबीही ठरलेली नसते, पहिल्या काही प्रयोगांनंतर दिग्दर्शक कात्री लावतो. दहाव्या प्रयोगाच्या पुढे गाडी रुळावर येते. पंचविसाव्या, म्हणजे रौप्यमहोत्सवी प्रयोगाच्या आसपास नाटक सगळ्यात ताजं आणि घट्ट असतं असा सर्वसाधारण अनुभव आहे. मात्र खुद्द महोत्सवी प्रयोग टाळलेला बरा. पाहुणे, सत्कार आणि भाषणं यांत मध्यंतर अर्ध्या तासावर जातं, आणि दुसरा अंक सुरू होईपर्यंत पहिल्या अंकात तापलेलं सगळं गार झालेलं असतं.

शंभरी ओलांडलेल्या विनोदी नाटकात वेगळाच धोका आहे. नट पदरची वाक्यं घालायला लागतात. चालू घडामोडी, त्या गावाचं नाव, समोरच्या नटाला हसवून फोडणं असं सगळं सुरू होतं. लोकांना ते फार आवडतं हे खरं. पण अडीच तासांचं नाटक पावणेतीनवर जातं आणि मधली गोष्ट पातळ होते. ज्याला तो नटच बघायचा आहे त्याने असा प्रयोग जरूर बघावा, नाटक बघायचं असेल तर आधीचा गाठावा.

कंत्राटी प्रयोग हे प्रकरण माहीत असू द्या. एखादी संस्था किंवा कंपनी अख्खा प्रयोग विकत घेते आणि सभासदांना पास वाटते. तिकीट खिडकीवर त्याची विक्री नसते. कोणी असा पास दिला तर फुकट म्हणून जा, पण त्यावरून नाटकाबद्दल मत बनवू नका. पास घेऊन आलेला प्रेक्षक उशिरा येतो, गप्पा मारतो आणि नट ते बघून खेळ भरभर आटोपतात.

वेळेबद्दल थोडंसं. पुण्यात दुपारी १२.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ९.३० या ठरलेल्या वेळा, मुंबई-ठाण्याकडे साधारण दुपारी ४ आणि रात्री ८ ते ८.३०. शनिवार-रविवारी एकच संच दिवसात दोन, कधी तीन प्रयोग करतो. ज्या भूमिकेत आरडाओरडा किंवा गाणं आहे, तिथे तिसऱ्या प्रयोगाला आवाज बसलेला ऐकू येतो. विनोदी नाटक मात्र भरलेल्या घरातच बघावं. हसू शेजाऱ्याकडून लागतं, चार-चार खुर्च्या मोकळ्या असल्या की चांगलं वाक्यही पडतं. गंभीर नाटकाला निम्मं घर चालतं, उलट कमी खोकला ऐकू येतो.

खुर्ची

इथे जरा थांबायला हवं, कारण सर्वात जास्त पैसे इथेच चुकीच्या ठिकाणी जातात.

महाग तिकीट म्हणजे चांगली जागा हा सिनेमागृहातला हिशेब, तिथे मागच्या रांगा महाग. नाट्यगृहात उलट, पुढच्या रांगा महाग. पण सगळ्यात पुढची रांग सगळ्यात चांगली नसते. रंगमंच प्रेक्षागृहाच्या जमिनीपेक्षा तीन-चार फूट उंच असतो. पहिल्या-दुसऱ्या रांगेतून मान वर करून बघावं लागतं, रंगमंचाची फळी दिसत नाही, आणि मागच्या बाजूला बसलेला नट पुढच्या सोफ्याआड जातो. मेकअपची रेघ आणि कपाळावरचा घाम तेवढा स्पष्ट दिसतो. चेहऱ्यावरचे भाव आणि अख्खं नेपथ्य एका नजरेत हवं असेल तर पाचवी ते नववी रांग, मधला भाग. अक्षरांत ई ते आय. काही थिएटरांत काही अक्षरं गाळलेली असतात, म्हणून नकाशावर रांगा मोजूनच घ्या.

कडेच्या खुर्च्यांचं गणित नेपथ्यावर ठरतं. मराठी व्यावसायिक नाटकात दिवाणखान्याचा बॉक्स सेट अजून चिकार असतो: समोर एक भिंत, दोन बाजूंना तिरक्या भिंती, त्यात दारं. तुम्ही डाव्या टोकाला बसलात तर डाव्या भिंतीतलं दार तुम्हाला दिसत नाही. त्या दारातून होणारी प्रत्येक एंट्री तुम्हाला नट दोन पावलं आत आल्यावर कळते. एंट्रीलाच टाळी घेणारा नट असेल तर टाळी आधी ऐकू येते आणि माणूस नंतर दिसतो. मधल्या मोकळ्या वाटेपासून सहा-सात खुर्च्यांच्या आत राहिलात की हा त्रास होत नाही.

बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांत दोन अडचणी. वरचं छत नजरेत येतं, त्यामुळे दुमजली नेपथ्य असेल तर वरच्या मजल्यावरच्या नटाचं डोकं कापलं जातं. शिवाय आवाज दबतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले आणि वरून सोडलेले माईक आवाज गोळा करतात, कॉलर माईक प्रत्येक नाटकात नसतात. नट मागे वळून बोलला की तो आवाज बाल्कनीखाली पोचेपर्यंत फिका होतो. त्यापेक्षा बाल्कनीची दुसरी-तिसरी रांग बरी आणि स्वस्तही. पहिल्या रांगेत कठडा आडवा येतो, उंची कमी असेल तर हमखास. नाच, समूह आणि रंगमंचावरच्या आकृत्या ज्यात महत्त्वाच्या आहेत ते नाटक बाल्कनीतूनच छान दिसतं. घाशीराम कोतवालमध्ये ब्राह्मणांची रांग हीच भिंत होते, पडदा होते, आणि ती मोडते कशी हे वरून जेवढं कळतं तेवढं तिसऱ्या रांगेतून कळत नाही.

संगीत नाटकाला वेगळा नियम. ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर खाली बसतात. पहिल्या दोन रांगांत, त्यातही तबल्याच्या बाजूला बसलात तर पदापेक्षा ठेकाच जास्त ऐकू येईल. चौथ्या रांगेच्या मागे बसा. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगमंचावर आणलं तेव्हापासून चालत आलेली ‘वन्स मोअर’ची हौस इथे शोभते, मनापासून आली तर द्या. गद्य नाटकात मात्र कृपा करून नको.

तिकीट काढताना

बुकमायशो आणि तिकिटालय या ॲपवर बहुतेक व्यावसायिक नाटकं मिळतात. वर सेवाशुल्क लागतं. पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: ऑनलाइन आणि खिडकी यांना खुर्च्या वाटून दिलेल्या असू शकतात. ॲपवर सगळं भरलेलं दिसलं म्हणजे घर भरलं असं नाही. खिडकीवर चौकशी करा. खिडक्या बहुधा सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळा उघडतात, दुपारी दीड वाजता जाऊन कुलूप बघू नका. प्रयोगाच्या आधी अर्ध्या तासात पाहुण्यांसाठी राखलेल्या खुर्च्या कधीकधी सुटतात. एकट्या माणसाला त्या वेळी पुढची जागा मिळण्याची शक्यता चौघांच्या कुटुंबापेक्षा बरीच जास्त.

बरोबर आजी-आजोबा असतील तर जिने किती, लिफ्ट चालू आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचारा. रांगेच्या टोकाची खुर्ची घ्या, मधून उठणं त्यांनाही जड जातं आणि रांगेलाही. मूल लहान असेल तर काही नाट्यगृहांत मागे काचेची बंद खोली असते, तिची चौकशी करा. ती नसेल आणि मूल अडीच तास बसणारं नसेल तर घरातल्यांनी आळीपाळीने दोन वेगवेगळे प्रयोग बघावेत. लेकराला गप्प करता करता आईचंही नाटक जातं आणि पुढच्या दोन रांगांचंही.

थिएटरात

तिसऱ्या घंटेच्या किमान वीस मिनिटं आधी पोचा. पार्किंगला तर चाळीस धरा. सिनेमात जाहिराती तुम्हाला सांभाळून घेतात, नाटकात नांदी किंवा निवेदन संपलं की गोष्ट सुरू. पहिल्या पंधरा मिनिटांत कोण कोणाचं कोण हे सांगून झालेलं असतं आणि ते पुन्हा कोणी सांगत नाही. जुहूच्या पृथ्वी थिएटरात तर उशिरा आलेल्याला आत सोडतच नाहीत. तिथे रंगमंचाला तीन बाजूंनी प्रेक्षक भिडलेले असतात, उशिरा आलेला माणूस नटाच्या डोळ्यांसमोरून चालत जाईल.

मोबाइल सायलेंट करून भागत नाही, बंदच करा. थरथरणारा फोन खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवला की तीन रांगांपर्यंत ऐकू जातो. आणि अंधारात उजळलेला स्क्रीन नटाला रंगमंचावरून स्पष्ट दिसतो, तुमचा चेहरा निळा झालेला त्याला कळतो. जुलै २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनना कंटाळून नाटकात काम करणंच थांबवावं का असं जाहीरपणे लिहिलं होतं. तेवढ्यावरून त्रासाचा अंदाज यावा. चित्रीकरण तर करूच नका. चोरून घेतलेल्या अर्ध्या मिनिटात त्या नाटकातला एखादा धक्का फुटलेला असतो.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. आधी स्वच्छतागृह, मग वडा. उलटं केलंत तर बायकांच्या रांगेत दुसऱ्या अंकाची घंटा ऐकाल.

बघायचं काय

पडद्यावर कुठे बघायचं हे दिग्दर्शक आणि संकलक ठरवतात. इथे ते काम तुमचं. पहिली सवय लावा: बोलणाऱ्याकडे नाही, ऐकणाऱ्याकडे बघा. मालिकेतून आलेल्या नटाची परीक्षा तिथेच होते. कॅमेऱ्यासमोर आपलं वाक्य झालं की क्लोजअप दुसऱ्याचा, त्यामुळे ऐकायची सवय सुटते. असा नट रंगमंचावर स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलेला दिसतो. दुसरी खूण वाक्याचा शेवट. मालिकेत कुजबुजून चालतं, रंगमंचावर शेवटचा शब्द गिळला की वाक्य गेलं. तिसरी खूण हात. ज्याला भूमिका सापडली आहे त्याच्या हातांना काहीतरी काम असतं, न सापडलेला खिशात घालतो, काढतो, पुन्हा घालतो.

टाळी कुठे द्यायची? नटाच्या एंट्रीला द्या, पण थोडकी. तो थांबलेला असतो, त्याच्या समोरचाही थांबलेला असतो, आणि लांबली की प्रवेशाची लय जाते. चांगला विनोदी नट हशा ओसरायला लागला की, पूर्ण थांबण्याआधी, पुढचं वाक्य उचलतो. हे नीट बघाच. दोन वेगळ्या प्रयोगांत त्याच वाक्यावर तो वेगवेगळा वेळ थांबतो, कारण तुम्ही वेगळे हसता.

सिनेमा झालेलं नाटक बघताना दोन्हींची बेरीज-वजाबाकी करू नका. कट्यार काळजात घुसली १९६७ मध्ये रंगमंचावर आलं, सिनेमा २०१५ मध्ये. सिनेमात सचिन पिळगावकरांच्या तोंडी राहुल देशपांडेंचा आवाज आहे आणि सुबोध भावेंच्या तोंडी महेश काळेंचा. रंगमंचावर जो उभा असतो तोच गातो, खाली साथ असते आणि तान चुकली तर ती सगळ्यांसमोर चुकते. अशा नाटकात अभिनयात थोडा कमी असलेला गवई पत्करावा, उत्तम अभिनय करणारा पण सुराला कच्चा नट पत्करू नये. यावर भांडणारे बरेच आहेत, भांडू देत.

विंगेमागे भेटायला

फॅनचा खरा उत्साह इथे. पडदा पडल्यावर लगेच घुसू नका. मेकअप उतरवायला, घोटभर चहाला दहा-पंधरा मिनिटं लागतात. दारावरच्या व्यवस्थापकाला विचारा, एकेका गटाने जा. दुपारचा प्रयोग असेल तर वेळ आणखी कमी, कारण त्याच नाट्यगृहात दुसऱ्या नाटकाचं नेपथ्य चढायचं असतं आणि या नाटकाच्या बसला पुढचं गाव गाठायचं असतं. रंगमंचावर कामगार सोफा आणि दारांच्या चौकटी उचलत असतात, सेल्फीसाठी त्यांच्या वाटेत उभे राहू नका, अंगावर फळी पडू शकते.

सेल्फी विचारून एकच. सही हवी असेल तर छोटी वही आणि पेन घरून न्या, ऑनलाइन तिकिटावर सही कुठे घेणार? बोलताना ‘मालिकेत पुढे काय होणार’ हे विचारू नका, त्यांना बहुधा माहीत नसतं आणि असलं तरी सांगता येत नाही. आज बघितलेल्या प्रयोगातली एक नेमकी जागा सांगा: ‘दुसऱ्या अंकात चिठ्ठी वाचून तुम्ही ती घडी घालता ना, ते आवडलं.’ नट अशा वाक्यावर थांबून बोलतो. ज्येष्ठ नटाला नमस्कार करा, पण मिठ्या मारू नका, बरीच मंडळी घामाघूम आणि दमलेली असतात. सहकलाकारांनाही चांगलं म्हणा. आवडीच्या चेहऱ्याभोवती गराडा आणि शेजारी उभ्या नटाकडे कोणाचं लक्ष नाही, हे बघायला फार वाईट दिसतं.

शहराबाहेर

चेहऱ्यांचं वेड फक्त मुंबई-पुण्यात आहे असं समजू नका. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिथल्या मंडळींचं ठाणं. मुंबईचे मालिकावाले, सिनेमावाले तिथे पाहुणे म्हणून जातात, पण गर्दी खेचतात तिथलेच नट. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. खेळ रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो, म्हणून स्वेटर, टोपी, बसायला जाड काहीतरी आणि परतीच्या गाडीची सोय आधी. सिंधुदुर्गातल्या जत्रांमधला दशावतार बघायचा तर हेच सामान लागेल. तिथे छापील संहिता नसते, कथानक ठरलेलं आणि संवाद जागच्या जागी रचलेले, त्यामुळे कोण नट किती हजरजबाबी हे एका रात्रीत कळतं.

मत लिहिताना

फेसबुकवर लिहायचं तर तारीख, नाट्यगृह आणि कितवा प्रयोग हे पहिल्या ओळीत घाला. वाचणाऱ्याला त्यावरून कळतं की तुम्ही कुठला प्रयोग बघितलात, आणि त्याला दिसणारा वेगळा असू शकतो. नटाबद्दल लिहिताना एक जागा नेमकी सांगा, ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ या शब्दांनी कोणाला काही कळत नाही. प्रकाशयोजना आणि नेपथ्य करणाऱ्यांची नावं जाहिरातीतून उतरवून घ्या, बरोबर लिहा. रहस्यनाटक असेल तर पहिल्या अंकाच्या पुढचं काहीही लिहू नका, प्रतिक्रियांत कोणी विचारलं तरी नाही. आणि प्रयोग कंत्राटी होता, माईक बिघडला होता किंवा मुख्य नट त्या दिवशी बदलला होता, तर तेही लिहा.